विटा कुणाच्या, खेळ कुणाचा?

पावसाळ्याच्या अखेरीस अमरावतीत कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. पहिल्या दिवसाची बौद्धिके आटोपली, पिठले-भाकरीचे जेवण झाले आणि सतरंज्यांवर नेहमीच्या गप्पा सुरू झाल्या. अकोल्याहून आलेल्या एका तरुण साथीने (तो विम्याच्या कचेरीत कारकून आहे) मोबाइलमधील काही छायाचित्रे शेजाऱ्याला दाखवायला घेतली. लहान मुलांच्या खेळण्यात असतात तशा प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत बसवून त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी आपली शकुंतला गाडी तयार केली होती. इंजिन, तीन डबे, मूर्तिजापूरच्या फलाटाचा एक तुकडा, फलाटावर कापसाचे गाठोडे घेऊन बसलेली बाई. पाचही जण पस्तिशीच्या पुढचे, संसारी. दर रविवारी एकाच्या घरी जमायचे आणि महिनोन्‌महिने जोडायचे. फोन हातोहात फिरला आणि आमच्या एका ज्येष्ठ साथीच्या हाती पोचला. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "काय बाप्पा, लेकरायचे खेळ हायेत हे! तिकडे कास्तकार फास घेऊन रायला, अन् तुम्ही इकडे इटा जोडून रायले!" सतरंजीवर हशा पिकला. मीही हसलो. त्या तरुणाने फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात तो नव्हता. पहाटेच्याच गाडीने अकोल्याला निघून गेला असे कळले.

हे टिपण त्या हशाविषयी आहे. तो हशा चुकीचा होता, आणि ती केवळ शिष्टाचाराची चूक नव्हती, राजकीय चूक होती, असे माझे मत झाले आहे. ज्येष्ठ साथींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. कापूस एकाधिकार खरेदीच्या प्रश्नावर त्यांनी खाल्लेल्या लाठ्या मी पाहिल्या आहेत. म्हणूनच त्यांच्याशी हा वाद उघडपणे घालणे मला आवश्यक वाटते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती मॉलच्या काचेआडच पाहिली आहे. डेन्मार्कमधील बिलुंड नावाच्या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाचा एक सुतार होता. शेतकऱ्यांची घरे बांधावी, दारे-खिडक्या कराव्या, हा त्याचा धंदा. १९२९ च्या महामंदीने शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही आणि सुताराचे काम बसले. वऱ्हाडातल्या कुठल्याही वाढयाला ही कथा अनोळखी वाटणार नाही. कास्तकाराची थैली रिकामी झाली की वाढयाचा रंधा भिंतीला टांगला जातो. १९३२ मध्ये या सुताराने शिड्या, इस्त्रीचे पाट आणि लाकडी खेळणी करायला घेतली आणि १९३४ मध्ये आपल्या धंद्याला 'लेगो' हे नाव दिले. डॅनिश भाषेत 'छान खेळ' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, त्यांचा तो संक्षेप. प्लॅस्टिकची वीट पुढे आली, १९४९ मध्ये. आणि तिला आजचे रूप देणारा, आतल्या नळ्यांमुळे घट्ट बसणारा सांधा २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवला गेला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते.

आता या कथेतला एक भाग कंपनीच्या जाहिरातीत ठळकपणे सांगितला जात नाही. ती वीट मुळात बिलुंडची नव्हेच. हिलरी फिशर पेज नावाच्या इंग्रज खेळणीकाराने आपल्या 'किडिक्राफ्ट' या उद्योगासाठी तशीच एकमेकींत अडकणारी वीट आधी केली होती. प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र घेताना तिचे नमुने डेन्मार्कला पोचले आणि तेथून पुढे हा उद्योग उभा राहिला. पेज १९५७ मध्ये वारला. कंपनीने किडिक्राफ्टचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्ये. त्यानंतर याच कंपनीने त्या विटेचा आकार हा आपला कायमचा व्यापारचिन्हाचा हक्क आहे असा दावा देशोदेशींच्या न्यायालयांत केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. वस्तूचे काम करणारा आकार कुणा एकाच्या मालकीचा होऊन राहू शकत नाही, असा त्या निकालांचा मथितार्थ. पेटंटची मुदत तर केव्हाच संपली आहे. म्हणजे आठ बुंधे आणि तीन नळ्या असलेली ती वीट आज कायद्यानेही सर्वांची आहे. भांडवलदाराच्या हातून सार्वजनिक झालेल्या वस्तू जगात फार थोड्या. त्यांपैकी ही एक आहे, आणि आपण तिला हसतो!

ज्येष्ठ साथींच्या आक्षेपाचा गाभा असा की, माणसे मरत असताना खेळणे हे पाप आहे. हा आक्षेप ऐकायला फार नैतिक वाटतो. पण तो श्रमिकांच्या तोंडून आलेला मी कधी ऐकलेला नाही. तो नेहमी श्रमिकांच्या वतीने बोलणाऱ्यांच्या तोंडून येतो. वऱ्हाडातील कास्तकाराच्या घरी कर्ज असते म्हणून तान्हा पोळा थांबत नाही. बापाचे खरे बैल विकले गेले, त्यांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला, तरी पोर चाकावरचा लाकडी नंदी सजवते आणि घरोघर बोजारा मागत हिंडते. तो नंदी सजवायला बाप बसतो, काका बसतो, शिंगांना बेगड लावण्यावरून त्यांचे भांडण होते. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करून मातीच्या भुलोबा-भुलाबाई मांडणाऱ्या लेकी काय सुखवस्तूंच्याच होत्या? दुःखाच्या घरात खेळ शोभत नाही, हा नियम गरिबाने केलेला नाही. तो त्याच्यावर लादलेला आहे.

आणि आपण समाजवादी म्हणवणाऱ्यांनी तर हे विसरू नये की, आपल्या चळवळीची जुनी मागणी भाकरीइतकीच फुरसतीची आहे. आठ तास काम, आठ तास मनोरंजन, आठ तास विश्रांती, ही घोषणा रॉबर्ट ओवेनने १८१७ मध्ये दिली. मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग याने १८८० मध्ये 'आळसाचा हक्क' मागणारे पत्रक लिहिले, तेव्हा त्यालाही हसणारे पुष्कळ निघाले असतील. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे भांडून, १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. तो रविवार लोखंड्यांनी देवदर्शनासाठी मागितला, समाजकार्यासाठी मागितला आणि विश्रांतीसाठीही मागितला. त्या रविवारी कामगाराने काय करावे याचा हिशेब मात्र मालकाने मागू नये हे त्यात गृहीत होते. पुढाऱ्यानेही मागू नये, एवढे मी त्यात घालतो.

तो रविवार आज सुरक्षित आहे काय? कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असा खुलासा त्याला जोडलेला आहे. परंतु नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत बारा तास शिलाईयंत्रावर बसून बडनेऱ्याला परतणाऱ्या बाईच्या हाती संध्याकाळ उरत नाही, हे कोणत्या कोष्टकात मांडायचे? त्याच नांदगाव पेठेत होऊ घातलेल्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसली. तेथे किती रोजगार येणार याची चर्चा आपण जरूर करू. तेथल्या माणसाला दिवसाकाठी किती तास स्वतःचे राहणार, ही चर्चा कोण करणार? पस्तिशीच्या पाच माणसांनी रविवार राखून ठेवला आणि त्या वेळात स्वतःच्या मर्जीने, नफ्यावाचून, एकमेकांच्या सोबतीने काही घडवले, ही आजच्या काळात क्षुल्लक गोष्ट नव्हे.

याचा अर्थ या छंदावर माझा आक्षेप नाही असा मात्र नाही. आक्षेप आहे, तो खेळणाऱ्यावर नसून खोक्यावर आहे.

दोन गुणिले चार बुंध्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारे जोडता येतात याचे गणित कोपनहेगनच्या एका गणितज्ञाने संगणकावर केले. उत्तर आले ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा विटांमध्ये इतके स्वातंत्र्य साठवलेले आहे. आणि विकणारा काय विकतो? एक खोके, त्यात एक पुस्तिका, पुस्तिकेत एकच मार्ग आणि शेवटी एकच ताजमहाल. (ताजमहालाचा असा एक संच खरोखर निघाला होता, २०१७ च्या आवृत्तीत त्याचे ५,९२३ तुकडे होते. आग्र्याच्या कारागिरांचे नाव खोक्यावर नाही, पण ते मूळ ताजवरही नाही.) एकोणनव्वद मार्ग पुसून एक मार्ग विकणे, हा बाजाराचा धर्मच आहे, येथे तर नव्वद कोटींहून अधिक पुसले जातात. २०२० पासून याच कंपनीने प्रौढांसाठी 'अठरा वर्षांपुढील' असा शिक्का मारून काळ्या खोक्यांची वेगळी मालिका काढली. कचेरीत थकलेल्या माणसाला घरी येऊन दुसऱ्या कुणीतरी आखलेल्या कामाची आणखी एक सूचनावही हाती द्यायची आणि त्याला विरंगुळा म्हणायचे! यंत्रावर उभ्या कामगाराचे श्रम परके होतात हे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. खेळसुद्धा परका करता येतो, हे या काळ्या खोक्याने दाखवून दिले.

आणि किंमत? परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण हवे, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण तोच न्याय वऱ्हाडाला का नाही? १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागण्याच्या नेमक्या हंगामात! अकोल्याच्या पोराच्या हातातील प्लॅस्टिकच्या विटेवर सत्तर टक्के आणि त्याच्या बापाच्या कापसाशी स्पर्धा करणाऱ्या अमेरिकी गाठीवर शून्य. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. मोठ्या संचांच्या किमती त्याच्या कितीतरी पटीत आहेत. ज्येष्ठ साथींना संताप यायचा तर येथे यायला हवा होता. विटा जोडणाऱ्या कारकुनावर नव्हे.

पण खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त सलते ते डेन्मार्कचे खोके नव्हे. आपल्याच गल्लीतला एक असा खेळ आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आपण एक ठरावही केला नाही, हे सलते.

एकत्र जमून काहीतरी बांधणे आणि ते लोकांना दाखवणे ही वऱ्हाडातील प्रौढ माणसांना नवी गोष्ट नाही. टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, दादासाहेब खापर्ड्यांसारखा त्यांचा सहकारी अमरावतीत होता, आणि हा उत्सव येथल्या गल्लोगल्ली रुजला. त्याच्या धार्मिक अंगाविषयी आपले मतभेद असतील, ते असो. मी बोलतो आहे ते मांडवामागच्या त्या पंधरा रात्रींविषयी. आमच्या लहानपणी गिरणीची पाळी संपवून माणसे यायची. कुणी फिटर, कुणी जॉबर, कुणी रंगारी, कुणी सायकल-पंक्चरवाला. देखावा कशाचा करायचा यावर चार रात्री वाद. मग सायकलची साखळी, जुन्या पंख्याची मोटार, तरटे, बांबू, लाकडाचा रंगवलेला भुसा, कागदाचा लगदा. हिमालय करायचा तर बर्फ विकत आणण्याची गरज नव्हती. जिनिंगमधून पोतेभर सरकी काढलेला कापूस आला की कैलास तयार. भीमाचा हात वर जायचा तो ज्या दट्ट्याने, तो गिरणीतल्या मागाच्या दट्ट्यावरून सुचलेला असे. जो माणूस दिवसभर साहेबाच्या सांगण्यावरून यंत्र चालवी, तो रात्री स्वतःच्या डोक्याने यंत्र घडवी. दहा दिवस सारे शहर पोराबाळांसह ते पाहायला येई, आणि तो फिटर गर्दीच्या मागे हाताची घडी घालून उभा असे, लोक कशाला 'वा!' म्हणतात ते ऐकत.

त्या गिरण्या गेल्या. अचलपूरच्या फिनले मिलचे चाकही २०२० च्या टाळेबंदीत थांबले. पण देखावा केवळ गिरणीबरोबर गेला नाही. त्याला कंत्राटदाराने नेले. आज मंडळाचा मांडव सजावटवाल्या ठेकेदाराकडून येतो, अमक्या राजवाड्याची प्रतिकृती तमुक लाखांत, गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात उभी होती तीच. पैसा येतो तो भूखंडवाल्याकडून आणि नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्याकडून, आणि त्यांचे चेहरे कापडी फलकांवर गणपतीपेक्षा मोठे. पोरांना उरले काय? वर्गणीचे पावतीपुस्तक आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचणे. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा मला भाबडी आशा वाटली होती की आता तरी पोरे पुन्हा बांबू आणि लगदा हाती घेतील. ठेकेदाराने कापड आणि दिव्यांच्या माळा आणल्या. पोरांच्या हाताला काहीच आले नाही. हात रिकामे झालेल्या तरुणाच्या हाती पुढे दगड किंवा झेंडा कोण देतो, हे अमरावती आणि अकोल्याच्या लोकांना नव्याने सांगायला नको.

दिवाळीतल्या किल्ल्यांचेही तसेच. मुले किल्ला करतात तो रायगड, प्रतापगड, नाहीतर सिंधुदुर्ग. वऱ्हाडातल्या पोराने समुद्र पाहिलेला नसतो, पण निळ्या रंगाच्या परातीत तो सिंधुदुर्ग बांधतो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किंवा अकोटच्या वरचा नरनाळा कुणी बांधलेला मी पाहिला नाही. बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत आमचा एकही नाही, आणि नसण्याला इतिहासाची कारणे आहेत. पण आपल्या डोंगरावरचा किल्ला आपल्या मुलाला बांधावासा वाटू नये, याला केवळ इतिहास जबाबदार नाही.

या पार्श्वभूमीवर त्या पाच जणांकडे पुन्हा पाहावे. युरोप-अमेरिकेत १९९० च्या दशकापासून प्रौढांची अशी मंडळे वाढली आणि आपल्या मोठ्या शहरांतही या छंदाची माणसे आता एकमेकांना शोधून काढू लागली आहेत. त्यांची एक रीत मला विलक्षण वाटली. नगर उभे करायचे असेल तर सर्वांनी मिळून फक्त सांधा ठरवायचा. तळाची फळी केवढी, रस्ता कुठून निघणार, शेजाऱ्याच्या घराला आपले घर कुठे टेकणार, एवढेच. पुढे प्रत्येकाने आपल्या घरी आपल्याला हवे ते बांधावे. कुणी टपाल कचेरी करील, कुणी चहाची टपरी, कुणी पडका वाडा. प्रदर्शनाच्या दिवशी सर्व फळ्या आणून जोडल्या की शहर होते. त्यांत मुकादम नाही. कुणी कुणाचे मजूर नाही. शिस्त सांध्यापुरती आहे, बाकीचा मुलूख मोकळा. लोकशाही समाजवादाची व्याख्या मी आयुष्यभर अभ्यासवर्गात सांगत आलो. एका वाक्यात इतकी नीट मला सांगता आलेली नाही. आणि आपल्या शाखांत काय चालते? वक्ता बोलतो, बाकीचे ऐकतात, तरुण कार्यकर्ते सतरंज्या उचलतात. मग तरुण येत नाहीत म्हणून आपण चंगळवादाला दोष देतो.

प्लॅस्टिकचे काय, असे पर्यावरणवादी मित्र विचारतील. प्रश्न बरोबर आहे. ही वीट खनिज तेलापासून होते, आणि बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून ती करण्याचा प्रयत्न कंपनीने २०२३ मध्ये सोडून दिला. परंतु साठ वर्षे वापरता येणारी वस्तू आणि साठ सेकंदांत फेकायची पिशवी यांना एकाच फासावर चढवण्यात अर्थ नाही. शिवाय वीट प्लॅस्टिकचीच हवी असे कुणी सांगितले? पुण्याच्या टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांतील विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले. तेथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्यांच्या हाती आली. तिचे बारीक तुकडे हे सांधे आणि आगकाडी ही दांडी. एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, घर, मनोरा, रेणूंच्या प्रतिकृती असे सारे मेकॅनो उभे केले. पुढे आयुकाच्या विज्ञान केंद्रात बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि ती सर्वांना फुकट खुली ठेवली. सांधा स्वस्त झाला की खेळ सार्वजनिक होतो. आपल्याला हवे आहे ते हेच.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. दिवाळी उलटली की मेळघाटातील कोरकू कुटुंबे काम शोधत पायथ्याशी उतरतात. त्यांतली कित्येक अमरावती-अकोल्याभोवतीच्या वीटभट्ट्यांवर जातात. तेथे वीट हजाराच्या दराने मोजली जाते. बाप चिखल तुडवतो, आई साच्यात विटा थापते, आणि पाच-सहा वर्षांचे पोर उन्हात मांडलेल्या ओल्या विटा उलथवत रांगेने चालते. वजनाने हलके असल्याने त्याच्या पायाने वीट मोडत नाही, म्हणून ते काम त्याचे. मी एका भट्टीवर पाहिलेले पोर सांगतो. दुपारी मुकादम झोपला तेव्हा त्याने मोडक्या विटांचे तुकडे घेऊन एक ओटा केला, त्यावर दुसरा, त्याला दार ठेवले आणि दारात एक काडी उभी केली. मी विचारले, हे काय? तो बोलला नाही, त्याच्या बहिणीने सांगितले, "घर." मुकादम उठला आणि पोर पुन्हा रांगेला लागले. त्या मुलाला कुणी 'पोरखेळ करतोस' म्हणून हसणार नाही, कारण त्याला तो करायला मिळतच नाही. ज्येष्ठ साथींचा राग या पोराच्या बाजूचा आहे हे मी जाणतो. पण अकोल्याच्या कारकुनाचा खेळ बंद केल्याने भट्टीवरच्या पोराचा सुरू होत नाही. हक्क काढून घेऊन समता येत नसते. आपण पगारवाढीच्या बाबतीत हे मालकाला नेहमी सुनावतो.

बाईच्या फुरसतीचाही प्रश्न आहे. त्या पाच जणांत एकही स्त्री नव्हती. त्यांच्या रविवारी स्वयंपाकघरात कोण होते ते मी विचारलेले नाही, पण विचारणार आहे. घरोघरी महालक्ष्म्यांपुढची आरास स्त्रिया रात्र जागून मांडतात, ती देखील बांधणीच. फक्त तिला आपण छंद म्हणत नाही, व्रत म्हणतो, आणि ती मांडून झाल्यावर चाळीस पाने वाढायला तीच उठते.

मग करावे काय? अमरावतीने या बाबतीत एकदा वाट दाखवली आहे. १९१४ मध्ये येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मोठ्या माणसांनी मल्लखांब आणि लेझीम खेळणे हे त्या काळीही काहींना रिकामटेकडेपण वाटले असणार. पण खेळाला जागा मिळाली, शिस्त मिळाली, आणि हे मंडळ १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत जाऊन आले. शरीराच्या खेळाला आपण सार्वजनिक संस्था दिली. हाताच्या आणि कल्पनेच्या खेळाला का देऊ नये? अमरावतीचे नगर वाचनालय, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय, तालुक्यांची ग्रंथालये, विमा आणि एसटी कामगारांच्या संघटनांची कार्यालये, यांतील एक खोली रविवारी दुपारी उघडी ठेवता येणार नाही काय? तेथे एक कपाट असावे. त्यात वर्गणीतून घेतलेल्या देशी बनावटीच्या विटा असाव्यात, मेकॅनोच्या जुन्या पट्ट्या, व्हॉल्व्हची नळी, काड्या, पुठ्ठा, करवत. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने 'काय करणार?' असे विचारू नये.

येथे आपल्याच मंडळींना एक इशारा देऊन ठेवतो, कारण मी त्यांना ओळखतो. खोली उघडली की कुणीतरी लगेच सुचवील: खारपाणपट्ट्यातील पाणीप्रश्नाची प्रतिकृती करा, पूर्णेच्या खोऱ्याचा नकाशा करा, शेततळ्यांचे प्रदर्शन भरवा. सूचना उत्तम आहे, आणि ज्यांना करावेसे वाटेल ते करतीलही. खाऱ्या पाण्याचे थर विटांनी रंगवून दाखवले तर आमच्या दहा पत्रकांपेक्षा लोकांना अधिक समजेल. पण पहिल्याच रविवारी खेळाला प्रचाराच्या गाडीला जुंपू नका. निदान सहा महिने त्यांना आगगाड्या करू द्या.

भट्टीवरही हे न्यायचे आहे. कपाट नेता येत नसेल तर पिशवी न्यावी. हंगामी वसतिगृहांचा आणि भट्टीवरच्या शाळांचा आग्रह आपण धरतोच. त्या निवेदनात पाटी-पुस्तकाशेजारी खेळण्याचाही उल्लेख यापुढे असावा, अशी दुरुस्ती मी जिल्हा बैठकीत मांडणार आहे. हसणाऱ्यांनी हसावे.

अकोल्याच्या त्या साथीला मी पत्र लिहिले. हसल्याबद्दल क्षमा मागितली आणि माझ्या मुलाचा जुना मेकॅनोचा डबा माळ्यावर पडून आहे, तो चालेल का असे विचारले. ज्येष्ठ साथींनाही या टिपणाचा मसुदा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांनी दरवर्षी तान्ह्या पोळ्याला त्यांच्यासाठी बाभळीचा नंदी कोरला होता, आणि त्यांनी स्वतः त्यांच्या मुलासाठी एकही केला नाही, दौऱ्यावर असत म्हणून. टिपणातले बाकीचे काही त्यांना पटले नाही.

अकोल्याहून उत्तर आले आहे. शकुंतला झाली, आता गाविलगड चालू आहे. दिल्ली दरवाजाच्या कमानीपाशी काम अडले आहे, कारण चौकोनी विटांची कमान काही केल्या तोलत नाही. मेकॅनोच्या पट्ट्या आत घालून पाहता येतील. रविवारी चार वाजता डबा घेऊन या, आणि सोबत भाऊंनाही आणा, असे त्याने लिहिले आहे.